भागूबाईंनी धरलेलं सुतक

भागूबाई भेरे महिन्यातून एकदा आमच्या सिडकोतल्या गल्लीत येतात. शेजारच्या राजेंद्रभाऊंच्या त्या आई. चार दिवस राहतात आणि पाचव्या दिवशी सकाळच्या बसनं गावाकडं जातात. जाताना मेथीच्या काड्या, शेंगांची टरफलं, कलिंगडाच्या साली असं सगळं पिशवीत भरून नेतात, म्हशीला म्हणून. त्यांच्या सुनेला याची लाज वाटते. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. वय सत्तरीच्या पुढं, एक कान जवळजवळ गेलेला, आणि बोलणं असं की समोरच्यानं हसावं की सावध व्हावं ते कळू नये.

त्यांचं गाव बोरजवळा. करमाडच्या पुढं जालना रस्ता सोडून आत गेलं की लागतं. गावात भेऱ्यांच्या दोन पाती, म्हणजे एकाच मूळ पुरुषाच्या दोन शाखा. थोरली पाती आणि धाकटी पाती. मधे एक बोळ, बैलगाडी जाईल एवढा. भागूबाई थोरल्या पातीच्या. बोळापलीकडं धाकटी पाती. आणि या दोन पातींत दीडशे वर्षं पाण्याचाही व्यवहार नाही.

कारण काय, तर पोळा. पोळ्याच्या दिवशी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी मानकऱ्याची जाते. पाटीलकी थोरल्या पातीकडं, म्हणून मान त्यांचा. शके अठराशेच्या आगेमागे एका वर्षी थोरल्या पातीचा सुभानराव तापानं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा धाकट्या पातीच्या येसाजीची जोडी पुढं गेली. तेवढ्या वर्षापुरती. पण पुढच्या पोळ्याला सुभानराव बरा होऊन बैल घेऊन उभा राहिला, तर येसाजी बाजूला होईना. वाजंत्री वाजतायत, गाव उभं आहे, बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवलेली आहे, आणि दोन चुलतभाऊ तोरणाखाली एकमेकांसमोर. आधी शब्द, मग काठ्या, मग कुणीतरी कुऱ्हाड आणली. सुभानराव जागीच गेला. येसाजी तिसऱ्या दिवशी. निजामाचा अंमल होता. दावा हैदराबादेपर्यंत गेला आणि फैसला होईतो साक्षीदार म्हातारे होऊन मरून गेले.

फैसला गावानं नाही, घरच्यांनीच केला. भावकीत माणूस गेलं की दहा दिवस सगळ्या भावकीला सुतक असतं. देवाला दिवा नाही, डोक्याला तेल नाही, घरात तळण नाही, दहाव्याला पुरुषांनी डोकी भादरायची. एका रक्ताचे आहोत याची तीच खूण. त्या वर्षी नदीच्या दोन काठांवर दोन दहावे झाले आणि दोन्हीकडून एकच निरोप आला की आजपासून तुमचं आमचं सुतक तुटलं. म्हणजे तुमच्यातलं कुणी मेलं तर आम्हाला काही नाही. पोळ्यालाही तेव्हापासून दोन तोरणं बांधली जातात, दोन वेगळ्या वाटांवर.

ही गोष्ट मी राजेंद्रभाऊंकडून ऐकली होती तेव्हा तिच्यात मान, कुऱ्हाड आणि बैलांची नावंसुद्धा होती. भागूबाईंना विचारलं तर त्या शेंगा फोडत म्हणाल्या, "मेलेली दोन माणसं समद्यांला पाठ हायेत. त्यांच्या दोघांच्या बायका जित्या राहिल्या, त्यांची नावं कुणाला ठाऊक हायेत का?"

मला तर नव्हतीच. राजेंद्रभाऊंनाही नव्हती.

भागूबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन बोरजवळ्यात आल्या. माप ओलांडून आत आल्यावर सासूनं पाटावर बसवलं, साखर दिली आणि पहिली गोष्ट सांगितली की बोळापलीकडच्या घरचं पाणी प्यायचं नाही. का, हे काही सांगितलं नाही. वैर सांगितलं, पण सुतकाचं सांगायचं राहून गेलं. सासूला वाटलं असेल, ते काय सांगायचं, सगळ्यांना ठाऊकच असतं.

तीन महिन्यांनी धाकट्या पातीतला एक जवान माणूस पान लागून गेला. मोटेवर साप चावला, करमाडपर्यंतही पोचला नाही. त्याची बायको गयाबाई, भागूबाईंपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, पदराखाली दोन महिन्यांचं पोर. रड ऐकू आली आणि भागूबाईंनी माहेरी करत तेच केलं. देवापुढचा दिवा लावला नाही, केसांना तेल घातलं नाही, बिनफोडणीचं वरण टाकलं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, आज काय झालं. नवी सून पदर सावरत म्हणाली, भावकीत सुतक आहे ना.

सासूनं ताट उचललं. आवाज न चढवता दिवा लावायला लावला, स्वतःच्या हातानं सुनेच्या डोक्यात तेल थापलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, कढई ठेव, पुऱ्या कर. घरात सण नाही, पाहुणा नाही. भागूबाई पुऱ्या लाटत होत्या, तळत होत्या आणि तेलाचा वास बोळातून सरळ पलीकडच्या दारात जात होता. तो जावा म्हणूनच चूल बाहेर मांडलेली होती, हे त्यांना शेवटच्या घाण्याला कळलं.

"चुकून सुतक धरलं, अन् मुद्दाम पुऱ्या तळल्या," त्या मला म्हणाल्या होत्या. "उलटं पायजे होतं."

पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ. बहात्तर साल. गावाबाहेर नालाबांधाचं काम निघालं आणि पाटलांच्या सुनाही डोक्यावर पाटी घेऊन गेल्या, कारण घरात दाणा नव्हता. तिथंही दोन पातींच्या बाया बांधाच्या दोन टोकांना. भागूबाईंच्या पोटात तेव्हा राजेंद्रभाऊ, सहावा महिना. चैताचं ऊन. टँकर आला नव्हता. त्या पाटीसकट खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. डोळे उघडले तर तोंडाशी तांब्या होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि तांब्या धरणारा हात बिनबांगडीचा. गयाबाई.

भागूबाईंनी तोंड फिरवलं. गयाबाई म्हणाली, "पी गुमान. पोटातल्याला कुठली पाती ठाऊक हाय?"

त्या प्यायल्या. दोघींनीही हे घरी सांगितलं नाही, आणि बांधावरच्या बाकीच्या बायांनीही नाही. पन्नास वर्षं नाही. मला याचंच नवल वाटतं. पुरुषांनी भांडण दीडशे वर्षं जपलं, तर या बायांनी एक तांब्या पाणी पन्नास वर्षं जपलं.

पुढं मुलं मोठी झाली, गावात बस सुरू झाली आणि दोघींनी स्वतःचा एक कायदा काढला. वैर गावाच्या शिवेच्या आत. सकाळच्या बसला भागूबाई पुढून चढायच्या, गयाबाई मागून. शिवेवरची मोठी चिंच मागं पडली की गयाबाई उठायची आणि भागूबाईंच्या शेजारी येऊन बसायची. कमरोद्दीनभाई म्हणून कंडक्टर होते. चिंच आली की तिकिटाच्या पेटीवर टिचक्या मारून ते मोठ्यानं म्हणायचे, "चला, सरहद आली, ज्यांनी त्यांनी आपापली जागा घ्या." अख्खी बस हसायची आणि गावात परतल्यावर एकही माणूस बोलायचं नाही. दोघी शहरात गुलमंडीच्या बाजारात मिळून लुगडी घ्यायच्या, रंग वेगळे घ्यायच्या, सारखी दिसू नयेत म्हणून. त्या वाटेवर भागूबाई तिला जाऊबाई म्हणायच्या. गावात कधी नाही.

एकदा बसमध्येच त्यांनी धीर करून पुऱ्यांचा विषय काढला. गयाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "वास आलता. दोन दिस पोटात अन्न नव्हतं. नवऱ्याची राख गार नाय झाली अन् मह्या मनात आलं, एक पुरी कुणी दिली तर खाईन. त्याचीच लाज मला लई वर्सं वाटली."

भागूबाईंनी हे मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सांगून झाल्यावर उठून गेल्या.

आता खरी गोष्ट. भागूबाईंचा नातू, राजेंद्रभाऊंचा मुलगा विश्वजीत, शेंद्र्याच्या कंपनीत आहे, रविवारी गावाकडं शेती बघतो. पोरगा निर्व्यसनी, कष्टाळू, पण शेतीचं नाव काढलं की मुली नाही म्हणायच्या. चार वर्षं स्थळं बघणं चालू होतं. शेवटी खुलताबादकडच्या रामकिसनरावांची संस्कृती हो म्हणाली, तेव्हा राजेंद्रभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. लग्न गावीच, मे महिन्यात. हळदीच्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या आम्ही पाचजणी मदतीला म्हणून बोरजवळ्याला गेलो.

मांडव पडला होता. घरामागं आचाऱ्यांनी दोन मोठ्या कढया चढवल्या होत्या. भागूबाई हळदीच्या मुसळाला आंब्याची डहाळी बांधत होत्या. देवक बसायचं होतं, तासाभरात. पुऱ्यांचा पहिला घाणा पडला आणि बोळापलीकडून रड उठली.

गयाबाई तीन महिने अंथरुणाला होती. मांडवातल्या सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि सगळे परत कामाला लागले. कुणीतरी वाजंत्रीवाल्याला आवाज थोडा कमी ठेवायला सांगितलं, माणुसकी म्हणून. एवढंच.

भागूबाईंनी मुसळ खाली ठेवलं. चालत घरामागं गेल्या आणि आचाऱ्याला म्हणाल्या, "कढई उतरव."

त्याला वाटलं तेलात काही पडलं. झारा घालून बघायला लागला. त्या परत म्हणाल्या, दोन्ही उतरव, चुलीवर पाणी टाक. मग पडवीत येऊन त्यांनी राजेंद्रभाऊंना सांगितलं की मला सुतक आहे, लग्न आता होणार नाही.

मी राजेंद्रभाऊंना कधी आवाज चढवताना ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकलं. आपलं त्यांचं सुतक दीडशे वर्षांपूर्वी तुटलंय, चार वर्षांनी पोरगी मिळालीय, व्याह्यांना काय सांगू. त्यांचे चुलतभाऊ तर आणखी पुढं गेले, म्हणाले, काकूचं वय झालं. देवक बसवायला आलेले ब्राह्मणकाका शहाणे होते. त्यांनी मधली वाट काढली. देवक एकदा बसलं की मग सुतक लागत नाही, पाच मिनिटांत बसवून टाकू. सगळ्यांना हायसं वाटलं. बाई ऐकतील असं मलाही वाटलं.

"देवाला फसवून दिवा लावायचा तर मह्या सासूनं काय वाईट केलतं?" भागूबाई म्हणाल्या. "मला व्याह्यांला फोन लावून द्या."

त्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवावा लागतो, तेव्हा सगळा मांडव ऐकत होता. रामकिसनराव बरंच बोलले. शत्रूच्या घरचं सुतक कुणी धरतं का, आमच्याकडं पाहुणे येऊन बसलेत, काही दुसरं असेल तर सरळ सांगा, पोरगी आमची जड झालेली नाही. भागूबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, नवरीला द्या.

संस्कृती फोनवर आली. भागूबाई तिला म्हणाल्या, "बाई, तू आमच्या घरात आल्यावर पयल्या दिशी तुला एक गोष्ट सांगावी लागती. बोळापलीकडचं पाणी पिऊ नको म्हणून. मला मह्या सासूनं सांगितली. मी मह्या सुनंला सांगितली, हो, मीच सांगितली, त्या घरचं पाणी पिऊन जगले तरी. तुला सांगायची नाय म्हणून थांबवलंय."

माझं लक्ष राजेंद्रभाऊंच्या बायकोकडं गेलं. ती खाली बघत होती.

"आजी, किती दिवस?" संस्कृतीनं विचारलं.

"तेरा. तेरावं झालं की पुढचा मुहूर्त."

"थांबते. पण आणखी काही असेल पहिल्या दिवशी सांगायचं तर आत्ताच सांगून टाका."

"पाणी तापवायचा बंब लई धूर करतो," भागूबाई म्हणाल्या, आणि फोन राजेंद्रभाऊंच्या हातात दिला.

मुलगी थांबते म्हणाली, बाप म्हणाला नव्हता. रामकिसनरावांनी फोन ठेवताना एवढंच सांगितलं की आधी बघू. म्हणजे लग्न लटकलं होतं. आणि हे सगळं जिच्यासाठी, तिच्या घरचे सुतक धरू देतील का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. भागूबाईंनी पायातल्या वहाणा काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि बोळ ओलांडला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. आम्ही बायका मागं थोड्या अंतरावर.

दारात गयाबाईचा मुलगा सोमनाथ उभा होता. बापाला पान लागलं तेव्हा दोन महिन्यांचा असलेला तोच, आता केस पांढरे झालेले. त्यांना बघून आतलं रडणं थांबलं.

"काकू, तुमच्याकडं लगीन हाय," तो म्हणाला. "माघारी जा."

"लगीन थांबवलंय. मला सुतक हाय."

"दीडशे वर्सं नव्हतं. आज कुठून आलं?"

"आजचं एक हाय," भागूबाई म्हणाल्या, "अन् एक चोपन्न वर्सांचं राहिलंय. तुह्या बापाचं. त्या टायमाला मी पुऱ्या तळल्या होत्या."

सोमनाथला पुऱ्यांचं ठाऊक होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आई बोलली असणार. मग तो दारातून बाजूला झाला. या म्हणाला नाही, पण बाजूला झाला. भावकीतल्या बायांनी मयताला अंघोळ घालायची असते. भागूबाईंनी बाह्या वर केल्या आणि गयाबाईच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला. पाणी ओतताना त्या काहीतरी बोलत होत्या. मी जवळच होते, मला फक्त जाऊबाई एवढं ऐकू आलं. तो शब्द शिवेच्या आत पहिल्यांदाच आला असेल.

तिरडी उठली तेव्हा विश्वजीत सगळ्यांच्या आधी गेला. अंगात हळदीसाठी घातलेला पिवळा सदरा होता, तो काढून कुणाचा तरी पांढरा घातला. राजेंद्रभाऊ तासाभरानं स्मशानात पोचले आणि मागं उभे राहिले. चुलतभाऊ जीपमध्ये बसून निघून गेले, ते लग्नालाही आले नाहीत. अजून बोलत नाहीत.

पुढचे दहा दिवस भागूबाई गावातच होत्या. मी दोनदा जाऊन आले. केस कोरडे, देवघराचं दार लोटलेलं, बिनफोडणीचं वरण. माझ्यासमोर त्यांची सून ते वाढत होती आणि त्या तिला म्हणाल्या, मीठ जास्त झालंय, सुतकात मिठाला बंदी नाही म्हणून काय ओतायचं का. खुलताबादहून निरोप नव्हता. राजेंद्रभाऊ फोन लावत, तो उचलला जात नव्हता. एकदा मी विचारलं, मावशी, स्थळ मोडलं तर? त्या म्हणाल्या, तर विश्वजीत मला जन्मभर बोलंल, अन् मी ऐकून घेईन. त्यांचा आवाज ठीक होता, पण हातातली भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटली. त्यांच्या हातची भाकरी फाटलेली मी कधी बघितली नव्हती.

दहाव्याला रामकिसनराव आले. कुणाला न कळवता मोटारसायकलवरून थेट नदीवर. खरं काय ते डोळ्यांनी बघायला. तेव्हा तिथं धाकट्या पातीचे वीस-पंचवीस पुरुष होते आणि थोरल्या पातीचे दोन, राजेंद्रभाऊ आणि विश्वजीत, जरा बाजूला उभे. कृष्णा न्हाव्यानं पोतं अंथरलं, वस्तरा धुतला आणि रिवाजाप्रमाणं गयाबाईच्या मुलाला, सोमनाथला, आधी बसवलं. त्याचं झालं. मग भावकीची पाळी. कृष्णानं धाकट्या पातीतल्या वडीलधाऱ्याकडं बघितलं.

सोमनाथ ओल्या डोक्यानं उठला. "आधी थोरल्या पातीचा बसव," तो म्हणाला. "मान त्यांचा."

ज्या मानासाठी तोरणाखाली दोन माणसं पडली, तो मान आता पोत्यावर वस्तऱ्याखाली बसायचा होता. राजेंद्रभाऊंना हलायला जमेना. विश्वजीतनं डोक्यावरचा गमछा काढला आणि जाऊन बसला. लग्नासाठी खास ठेवलेले केस होते, कानामागं वळवलेले. दोन मिनिटांत पोत्यावर पडले.

रामकिसनराव तोवर मागंच उभे होते. ते पुढं आले, भावी जावयाच्या तुळतुळीत डोक्याकडं बघितलं आणि राजेंद्रभाऊंना म्हणाले, "फेटा जरा मोठा आणा. फोटो वाईट यायला नको."

लग्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मी पहिल्या पंगतीला वाढायला होते. पुऱ्या लाटायला धाकट्या पातीच्या तीन बाया आल्या होत्या. बाकीच्या आल्या नाहीत, येतील तेव्हा येतील. फेटा मोठाच होता, पण अक्षता पडताना कुणाच्या तरी हाताचा धक्का लागून मागं सरकला आणि नवरीला हसू आवरेना. त्यांच्या अल्बममध्ये सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाईंनी नव्या नातसुनेला पाटावर बसवून साखर दिली. मग तिचा हात धरून तिला बोळापलीकडं नेलं. सोमनाथच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. संस्कृती उभ्यानंच प्यायला लागली, तर भागूबाई म्हणाल्या, बसून पी, घाई नाय. ती उंबऱ्यावर बसली आणि सगळं पाणी संपवून तांब्या खाली ठेवला.

परतीच्या बसला भागूबाई माझ्याबरोबर होत्या. मी विचारलं, आता पोळ्याला एकच तोरण बांधतील का. चिंच मागं पडली तेव्हा त्यांनी सवयीनं सरकून शेजारची जागा मोकळी केली, आणि मग लक्षात आल्यावर पिशवी तिथं ठेवली.

"बैलांचं गड्यांनी बघावं," त्या म्हणाल्या. "पाणी आम्हा बायांकडं होतं."